सेव्ह झालं, पण वर गेलं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत खरेदीच्या नोंदी करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "सोयाबीन खरेदीची एक्सेल फाइल वनड्राइव्हवर आहे. मी गावातून भरते, गोदामातले भाऊ तालुक्याहून पाहतात, सीए साहेब अमरावतीहून. तीन दिवसांपासून माझ्या फाइलवर 'अपलोड पेंडिंग' लिहून येतं आणि गोदामात जुनेच आकडे दिसतात. सी ड्राइव्हही भरून लाल झाला आहे. ओळखीचा एक मुलगा म्हणतो, 'ऑफिसफाइलकॅश' नावाचा फोल्डर उडवा, दोन्ही कामं होतील. उडवू का? या तीन दिवसांत साठाच्या वर पावत्या भरल्या आहेत."

ताई, उडवू नका. त्या साठ पावत्या वर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या इंटरनेटवरच्या साठवणीत, पोहोचलेल्या नाहीत. त्या आज बहुतेक त्याच फोल्डरात आहेत, दुसरीकडे कुठंच नाहीत. फोल्डर गेला की त्या गेल्या, आणि तो रिसायकल बिनमधून परत आणूनही काम सरळ होईल याची खात्री नाही.

बाकीचं पुढे सांगतो, आधी एवढं करा. फाइल उघडी असेल तर बंद करू नका. एफ १२ दाबा, ब्राउझमध्ये जाऊन डी ड्राइव्हवर नवा फोल्डर करा आणि तिथं वेगळ्या नावानं कॉपी ठेवा. नावात गाव, तारीख आणि वेळ येऊ द्या. डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. पुष्कळ लॅपटॉपवर हे दोन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये जोडलेले असतात, मग तुमची कॉपीही त्याच रांगेत जाऊन उभी राहते. डी ड्राइव्ह नसेल तर सी ड्राइव्हवर अगदी वरच्या पातळीला फोल्डर करा. कॉपी झाल्यावर खिडकीच्या वरच्या पट्टीत कोणत्या फाइलचं नाव दिसतं ते वाचा. नंतरची नोंद चुकून भलत्याच फाइलमध्ये जायची ही वेळ असते.

फाइल बंद असेल तर त्याच लॅपटॉपवर, त्याच खात्यावर, नेट बंद करून एक्सेल उघडा आणि अलीकडच्या फाइलींच्या यादीतून ती काढा. नेट नसताना एक्सेल कॅशमधली, म्हणजे लॅपटॉपवरच ठेवलेली प्रत दाखवतं, त्यात तुमच्या नोंदी दिसायला हव्यात. शेवटची पावती पावतीपुस्तकाशी ताडून पाहा. मग वर सांगितली तशी कॉपी काढा, ती एकदा बंद करून पुन्हा उघडून बघा आणि पेन ड्राइव्हवर घ्या. एवढं झालं की निम्मी भीती गेली. आता शांतपणे पाहू.

ही कॅश म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला बाजार समितीवरून लगेच कळेल. शेतकरी पोते भरून गाडी यार्डात आणतो. गाडी आत आली म्हणजे माल विकला गेला असं होत नाही. काटा व्हायचा असतो, काटापट्टी म्हणजे वजनाची चिठ्ठी हातात यायची असते. ती येईपर्यंत माल त्याचाच, पाऊस आला तर भिजणार तोही त्याचाच. वनड्राइव्हवरची फाइल तुम्ही एक्सेलमध्ये उघडता तेव्हा एक्सेल तिची एक प्रत तुमच्या लॅपटॉपवर, त्या कॅशच्या फोल्डरात ठेवतं. तुम्ही सेव्ह करता ते आधी या प्रतीवर होतं. झालेला बदल नेटवरून वर पाठवायचं काम मागे, स्वतंत्रपणे चालतं. म्हणून रेंज नसतानाही सेव्ह चटकन होतं आणि माणूस निर्धास्त होऊन उठतो. 'अपलोड पेंडिंग' म्हणजे गाडी यार्डात उभी आहे, काटा झालेला नाही.

मी या भागात सतरा-अठरा वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि हा धडा मी दुसऱ्याच्या नुकसानीतून शिकलो. एका शाळेच्या लिपिक मॅडमचं वर्ड-एक्सेल सारखं अडकत होतं. मी तोच फोल्डर डिलीट केला, संगणक हलका झाला आणि मी निघालो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "सेव केलं होतं ना जी मी, मंग दोन दिवसांच्या शिष्यवृत्तीच्या नोंदी गेल्या कुठं?" त्यांनी खरंच सेव्ह केलं होतं. उडवलं मी. मग दोन संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून अर्जांवरून सगळं पुन्हा भरलं. तेव्हापासून कोणाच्याही संगणकावर कॅशला हात लावण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: वर न गेलेलं काही आहे का?

त्या मुलानं सांगितलेला फोल्डर आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधलं कॅश साफ करायचं बटण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ इथंच होतो. एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं गेलात की खाली कॅशची सेटिंग्ज दिसतात. तिथं 'डिलीट कॅश्ड फाइल्स' असं बटण आहे. ते दाबलं की लवकर उघडाव्यात म्हणून साठवलेल्या प्रती जातात, पण वर जायच्या राहिलेल्या किंवा अपलोडमध्ये चूक आलेल्या फाइलींना ते हात लावत नाही. बटणाला कोणती गाडी काट्याची वाट पाहत आहे ते माहीत असतं. फोल्डर हातानं उडवला तर ही तपासणी होतच नाही, रिकाम्या गाड्या आणि भरलेल्या गाड्या एकाच झटक्यात जातात. फुकट मिळणारे साफसफाईचे प्रोग्राम कॅश म्हणून नेमकं काय उचलतील याचाही भरवसा मी धरत नाही. कामाच्या लॅपटॉपवर ते ठेवूच नयेत असं माझं मत आहे.

तिथंच आणखी दोन सेटिंग्ज आहेत. प्रती किती दिवस ठेवायच्या, हे मुळात १४ दिवसांवर असतं. आपल्याकडच्या नेटला १४ ठीक आहे, कमी करू नका, कारण रेंज नसलेल्या दिवशी कालची फाइल उघडते ती याच प्रतीमुळे. दुसरी सेटिंग फाइल बंद होताच प्रत पुसून टाकायची. दहा लोकांची कागदपत्रं एकाच संगणकावर उघडली जातात अशा सेवा केंद्रात ती चालू ठेवावी, नाहीतर कोणाच्या बँकेचे कागद कोणाला दिसतील सांगता येत नाही. तुमच्या एकटीच्या लॅपटॉपवर तिची गरज नाही.

फोल्डर कुठं असतो तेही माहीत असू द्या, कारण शेवटचा उपाय म्हणून तिथं जावं लागू शकतं. सी ड्राइव्हवर यूजर्समध्ये तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात ॲपडेटा, मग लोकल, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १६.० आणि त्यात ऑफिसफाइलकॅश. ॲपडेटा लपलेला असतो, त्यासाठी व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करावं लागतं. आतल्या फाइलींची नावं लांबलचक आकडे-अक्षरांची आणि शेवटी एफएसडी अशी असतात. त्या एक्सेलमध्ये थेट उघडत नाहीत. म्हणून हा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. बॅकअप म्हणजे एफ १२ नं काढलेली, उघडून पाहिलेली एक्सेल फाइल.

आता अपलोड का अडकलं ते शोधू. मी कोणत्या क्रमानं तपासतो तेच सांगतो. आपल्या भागात पहिली दोन-तीन कारणंच बहुतेक वेळा निघतात.

पहिलं, लॅपटॉपचं झाकण. हसण्यावारी नेऊ नका, माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत हे कारण वारंवार निघतं. खरेदी संध्याकाळी सातपर्यंत चालते, मापारी आणि हमाल निघायच्या घाईत असतात, तुम्ही शेवटची पावती भरून सेव्ह करता आणि झाकण लावता. लॅपटॉप झोपतो, त्याबरोबर अपलोडही झोपतं. सकाळी झाकण उघडलं की तुम्ही लगेच नवी नोंद सुरू करता, हॉटस्पॉट मात्र दहा वाजता सुरू होतो. असं तीन दिवस चाललं तर फाइलला वर जायला वेळ मिळालेलाच नसतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काय व्हावं हे ठरवता येतं. चार्जर लावलेला असताना तिथं 'काहीच करू नको' असं ठेवा. पण मग लॅपटॉप झाकण लावून पिशवीत घालू नका, तापतो.

दुसरं, नेट चालू असून वनड्राइव्ह स्वतःच थांबलेलं असणं. मोबाइलचा हॉटस्पॉट विंडोजमध्ये 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचं नेट, म्हणून नोंदवलेला असला की डेटा वाचवण्यासाठी वनड्राइव्ह सिंक, म्हणजे फाइली वर-खाली नेणं, थांबवतं. लाइन गेली आणि बॅटरी सेव्हर लागला तरीही तेच होतं. घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक केलं की थांबल्याचं लिहिलेलं दिसतं, तिथूनच ते पुन्हा सुरू करता येतं. कोणी हातानं थांबवलं असेल तर ते २, ८ किंवा २४ तासांसाठी असतं. ढगावर लाल खूण म्हणजे चूक आहे, गोल फिरणारे बाण म्हणजे काम चालू आहे, राखाडी ढग म्हणजे खात्यात साइन इनच नाही.

तिसरं, साइन इन. कंपनीच्या खात्याचा पासवर्ड सीए साहेबांनी किंवा संचालकांपैकी कोणी बदलला की गावातल्या लॅपटॉपवर एक्सेल तसंच चालत राहतं, फाइल उघडते, सेव्हही होते, वर मात्र काहीच जात नाही. फाइल, अकाउंटमध्ये जाऊन पाहा. पिवळ्या पट्टीत पुन्हा साइन इन करायला सांगितलं असेल तर कारण सापडलं. एकाच लॅपटॉपवर कंपनीचं आणि घरचं अशी दोन खाती असतील तर फाइल ज्या खात्याची आहे तेच चालू आहे ना, तेही बघा. वर सांगितलेली कॉपी काढल्याशिवाय साइन आउट मात्र करू नका. नवा पासवर्ड घालूनही जुनाच अडथळा राहिला तर ऑफिसचे सगळे प्रोग्राम बंद करा, कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्स उघडा, मायक्रोसॉफ्टऑफिस१६ अशा नावानं सुरू होणाऱ्या नोंदी काढा आणि पुन्हा साइन इन करा.

याच्याच जोडीला तारीख बघा. गोदामातल्या जुन्या डेस्कटॉपवर हे नक्की तपासा. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो. रोज संध्याकाळी बोर्डाचं बटण बंद केलं की घड्याळ चालू ठेवायचं काम तोच करतो. सेल संपला की सकाळी संगणक कित्येक वर्षं मागच्या तारखेला उठतो. तारीख चुकीची असली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला खोटं वाटतं, साइन इन होत नाही आणि अपलोड अडकतं. लोक नेटवाल्याला फोन करत बसतात. सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, संगणक बंद करून, वायर काढून बदलायचा, मग तारीख आणि भारताचा टाइम झोन नीट लावायचा.

चौथं, वरची जागा. फुकटच्या वनड्राइव्हला ५ जीबी मिळतात. फेब्रुवारी २०२३ पासून आउटलुकच्या मेलसोबत आलेल्या फाइलींची जागाही त्यातच धरली जाते. सातबाराचे आणि आधारचे फोटो मेलवर मागवून मागवून ही जागा कधी संपते ते कळत नाही. संपली की नवं काही वर चढत नाही. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर सेटिंग्जमध्ये किती जागा उरली ते दिसतं.

पाचवं, फाइलचं वजन. नुसत्या आकड्यांची, दोन-तीन हजार ओळींची एक्सेल फाइल एक-दोन एमबीच्या आतच राहते. तुमच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. ३०-४० एमबी दिसत असेल तर कोणीतरी काटापट्टीचे आणि सातबाराचे फोटो फाइलच्या आत चिकटवले आहेत. ४० एमबी म्हणजे ३२० मेगाबिट. अपलोडचा वेग १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, मिळाला तर सव्वापाच मिनिटांहून थोडं जास्त लागतं, ०.२ मिळाला तर सत्तावीस मिनिटं. गावच्या टॉवरवर व्हिडिओ चालतो म्हणून नेट चांगलं आहे असं धरू नका. व्हिडिओ खाली येतो, फाइल वर जाते, आणि वर जायचा वेग बहुधा खूप कमी असतो. त्यात ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्यावर अडत्याचा फोन आला की काही फोनमध्ये बोलणं संपेपर्यंत डेटा थांबतो. वनड्राइव्ह फाइलचा बदललेला भागच पाठवायचा प्रयत्न करतं, पण फोटोंनी फुगलेली फाइल तरी अशा नेटवर मधेच अडखळते. फोटो बाहेर काढा, पावती क्रमांकाच्या नावानं वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि ते रात्री एकदाच वर जाऊ द्या.

सहावं, कुलूप. गोदामातल्या भाऊंकडे एक्सेल २०१६ किंवा २०१९ असेल तर त्यात दोघांनी एकाच वेळी एका फाइलमध्ये लिहायची सोय नाही. त्यांनी फाइल उघडून तशीच ठेवली की ती तुमच्यासाठी कुलूपबंद होते. ते चहाला गेले की कुलूप तसंच. फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात असेल तरी एकत्र लिहिणं चालत नाही, ती एक्सएलएसएक्स करून घ्या. २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांना आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून गोदामातला संगणक बदलायचा विषय संचालकांपुढे ठेवाच.

कारण सापडून दूर केलं, चांगल्या रेंजच्या जागी लॅपटॉप नेऊन तासभर चालू ठेवला, तर बहुधा गाडी स्वतःच काट्यावर जाते. त्या वेळी एक खिडकी समोर येऊ शकते: वरच्या फाइलमध्येही बदल झालेत, तुमचेही आहेत, काय करू? तिथं 'सेव्ह अ कॉपी' आणि 'डिस्कार्ड' असे पर्याय असतात. डिस्कार्ड म्हणजे तुमचे बदल टाकून देणं. तीन दिवसांच्या थकव्यात माणूस खिडकी घालवायला म्हणून ते दाबतो. तुम्ही नेहमी सेव्ह अ कॉपीच घ्या. जुन्या ऑफिसमध्ये घड्याळाजवळ अपलोड सेंटर नावाचा वेगळा प्रोग्राम असायचा, अडकलेल्या फाइलींची यादी तिथं दिसायची. नव्यात त्याची जागा 'फाइल्स नीडिंग अटेन्शन' या यादीनं घेतली आहे. नाव बदललं तरी डिस्कार्डचा धोका तोच आहे.

सगळं ठीक असूनही फाइल हलतच नसेल, किंवा कॅशमध्येच बिघाड असल्याचा संदेश येत असेल, तेव्हाच त्या फोल्डराकडे जायचं. तेव्हाही डिलीट नाही, फक्त नाव बदलायचं. वर्ड, एक्सेल, आउटलुक, वननोट सगळं बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये मागे काही चालू राहिलं नाही ना ते पाहा, वनड्राइव्हमधून बाहेर पडा आणि ऑफिसफाइलकॅशच्या नावापुढे 'जुना' असं जोडा. एक्सेल उघडलं की ते नवा, रिकामा फोल्डर स्वतः तयार करतं. नाव बदललेला फोल्डर हिशेब जुळेपर्यंत तसाच राहू द्या.

आता वरची फाइल उघडली तर तीन दिवसांपूर्वीचे आकडे दिसतील. घाबरू नका, पण तुमची कॉपी तिच्यावर टाकून ती सबंध बदलूही नका. दरम्यान गोदामातल्या भाऊंनी जावक भरली असेल, सीए साहेबांनी चुकाऱ्याच्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या पैशांच्या, रकान्यात खुणा केल्या असतील. सबंध फाइल बदलली की त्यांचं काम जाईल. फक्त राहिलेल्या ओळी न्यायच्या. त्या ओळखण्यासाठी दोन्ही फाइली उघडा. तुमच्या कॉपीत शेवटच्या रिकाम्या रकान्यात काउंटइफ लावा: कुठं शोधायचं तर वरच्या फाइलचा पावती क्रमांकाचा रकाना, काय शोधायचं तर या ओळीतला पावती क्रमांक. शून्य आलं की ती पावती वर गेलेली नाही. एक आलं की गेलेली आहे. दोन आलं तर कोणीतरी दोनदा भरली आहे, तीही चूक इथंच सापडते. शून्य असलेल्या ओळी फिल्टर करून वरच्या फाइलच्या शेवटी चिकटवा.

एवढ्यावर थांबू नका. पावती दोन्हीकडे आहे पण वजन वेगळं, असंही होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी ओलाव्याची कपात दुरुस्त केली असेल आणि ती दुरुस्ती वर गेली नसेल. म्हणून शेजारच्या रकान्यात सुमइफ लावून वरच्या फाइलमधलं त्याच पावतीचं वजन आणा आणि तुमच्या वजनातून वजा करा. जिथं फरक शून्य नाही ती पावती कागदाच्या काटापट्टीशी ताडा. क्विंटलमागे थोडा फरक असला तरी तो कोणाच्या तरी चुकाऱ्यात येणार आहे, आणि त्या माणसाला कॅश काय आणि क्लाउड काय हे सांगून उपयोग नाही. कागदाचं पावतीपुस्तक हंगामभर जपून ठेवा असं मी प्रत्येक कंपनीला सांगतो ते याचसाठी. अंतिम पुरावा तेच आहे.

पावती क्रमांक टाइप करताना मागे-पुढे रिकामी जागा पडली असेल तर काउंटइफ उगाच शून्य दाखवतं. अशा ओळी हातानं एकदा नजरेखालून घाला.

कोणी मधेच चुकून वरची फाइल बिघडवली असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर फाइलवर राइट क्लिक करून व्हर्जन हिस्टरी पाहा. वैयक्तिक खात्यात मागच्या २५ आवृत्त्या मिळतात. डिलीट झालेली फाइल वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते. पण या दोन्ही सोयी वर पोहोचलेल्या मालापुरत्याच आहेत. जे वर गेलंच नाही त्याची आवृत्ती तिथं कुठून येणार?

सी ड्राइव्हचा प्रश्न वेगळा आहे, तो कॅशनं सुटणारही नाही. ऑफिसफाइलकॅशच्या प्रॉपर्टीज पाहिल्या तर तो बहुधा काही शे एमबीचा निघेल. जागा खाल्लेली असते डाउनलोड्समधल्या व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी, विंडोजच्या जुन्या अपडेटांनी आणि वनड्राइव्हमधून पूर्ण उतरवलेल्या फोटोंनी. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथं कोणी किती जागा घेतली ते दिसतं. वनड्राइव्हच्या फोल्डरात फाइलींजवळ हिरवी बरोबरची खूण असते ती प्रत लॅपटॉपवर आहे, निळा ढग असतो ती फक्त वर आहे. जुन्या हंगामाच्या फोल्डरावर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' दिलं की फाइली वर राहतात आणि लॅपटॉपची जागा मोकळी होते. चालू हंगामाच्या फोल्डराला मात्र उलट, 'या संगणकावर कायम ठेवा' हा पर्याय द्या, म्हणजे टॉवर बंद पडला तरी काम अडणार नाही. सी ड्राइव्हवर निदान दहा जीबी मोकळं राहू द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात एक्सेल सेव्ह करतानाच रडायला लागेल.

तुमच्या कंपनीसाठी मी एक बदल आग्रहानं सुचवेन. अशा नेटवर तीन ठिकाणांहून तिघांनी एकाच फाइलमध्ये लिहिणं थांबवा. हे शहरातल्या फायबरसाठी बनलेलं आहे, तिथं ते छान चालतं. आपल्याकडे रोज काही ना काही लटकणारच. गावच्या खरेदीची फाइल तुमची, तिच्यात फक्त तुम्ही लिहा. जावकेची फाइल गोदामाची. चुकाऱ्याची फाइल सीए साहेबांची. तिन्ही एका सामायिक फोल्डरात ठेवा. खरेदी केंद्रं वाढली की प्रत्येक केंद्राची वेगळी फाइल करा, पण रकाने सगळ्यांचे अगदी सारखे ठेवा. मग एक्सेलमध्ये डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर असं गेलं की त्या सगळ्या फाइलींच्या ओळी एका तक्त्यात येतात, आणि रोज रिफ्रेश दाबलं की ताजा हिशेब दिसतो. २०१६ च्या एक्सेलमध्येही ही सोय आहे. एका फाइलचा एकच लिहिणारा ठेवला की कुलूप आणि डिस्कार्डची खिडकी यांचे प्रश्न बहुतेक उरतच नाहीत.

तसं केलंत की वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'फाइल कोलॅबोरेशन' हा पर्याय बंद करून पाहायला हरकत नाही. तो चालू असला की ऑफिसच्या फाइली वर न्यायचं काम ऑफिस आणि वनड्राइव्ह मिळून करतात, आणि आपल्या नेटवर अडकण्याच्या जागाही दोन होतात. बंद केला की एक्सेल साध्या फाइलसारखं लॅपटॉपवर सेव्ह करतं आणि वर न्यायचं काम एकट्या वनड्राइव्हकडे राहतं. अडकलं तरी तुमची फाइल समोरच्या फोल्डरात उघडता येईल अशीच असते. यात एक तोटा असा: दोघांनी एकच फाइल बदलली तर एकत्र जोडली जात नाही, संगणकाचं नाव जोडून दुसरी फाइल तयार होते. एकच लिहिणारा असेल तर तो तोटा तुम्हाला लागत नाही. आज लगेच हे करू नका, अडकलेलं सगळं वर गेल्यावरच करा.

आणि रोजची काटापट्टी. संध्याकाळी शेवटची पावती भरून झाली की स्वतःच्या फोनवर वनड्राइव्ह उघडा, लॅपटॉपवर नाही. तीच फाइल उघडून शेवटचा पावती क्रमांक वाचा. लॅपटॉपवरची हिरवी खूण, 'सेव्ह्ड' हा शब्द, या सगळ्या लॅपटॉपच्या सांगण्यावरच्या गोष्टी आहेत. फोनवर दिसलेला क्रमांक वरून आलेला असतो. तो पुस्तकाच्या शेवटच्या पावतीशी जुळला की झाकण लावा. नाही जुळला तर लॅपटॉप चार्जरला लावा, झाकण उघडं ठेवा, फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवून तो खिडकीत ठेवा आणि जेवून या.

डी ड्राइव्हवरची आणि पेन ड्राइव्हवरची आजची कॉपी शेवटच्या शेतकऱ्याचा चुकारा खात्यात पडेपर्यंत पुसू नका. नाव बदललेल्या कॅश फोल्डरात अडकलेलं काय होतं ते विचारायची वेळ आली तर लॅपटॉप तसाच घेऊन या. आणण्याआधी त्यावर एकही क्लीनर चालवू देऊ नका, त्या ओळखीच्या मुलालाही नाही.